दूरस्थ त्सुनामी : किनारी वस्त्यांची पूर्वतयारी

दूरवरच्या सागरी भूकंपातून उठलेली त्सुनामी किनाऱ्याला पोचेपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात माणसांना उंच जागी नेता यावे म्हणून आधीपासून केलेली व्यवस्था आणि सराव यांचा या पूर्वतयारीत समावेश होतो. अशा वेळी किनाऱ्यावर सहसा भूकंपाचा धक्का जाणवत नाही. त्यामुळे जमीन हादरताच उंचावर धावावे, हा जवळच्या त्सुनामीतील भरवशाचा नियम येथे उपयोगी पडत नाही. खोल समुद्रात लाट ताशी ७०० ते ८०० किमी. वेगाने सरकते, भूकंपलहरी मात्र त्याहून कितीतरी वेगाने वेधशाळांपर्यंत पोचतात आणि या फरकामुळेच इशारा देण्यास वेळ मिळतो.

मिळालेला वेळ कसा वाया जातो, हे हवाई बेटांवरील हिलो शहरात दिसले. तेथे १९४६ मध्ये अलास्कालगतच्या अल्यूशन बेटांकडून आलेल्या लाटांनी कोणतीही पूर्वसूचना नसताना अनेकांचे बळी घेतले होते, आणि त्यानंतर १९४९ मध्ये पॅसिफिक महासागरासाठी इशारा केंद्र उभारण्यात आले. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा लाट हिलोला पोचण्यास सुमारे १५ तास होते. रात्री साडेआठच्या सुमारास भोंगे वाजले आणि बहुतेकांनी ते ऐकलेही. परंतु भोंगा म्हणजे तत्काळ घर सोडायचे की पुढील सूचनेची वाट पाहायची, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. पहिल्या लाटा लहान निघाल्याने काही जण परतले, तर काही लाट पाहण्यासाठी थांबले. उत्तररात्री १ वाजून ४ मिनिटांनी सर्वांत मोठी लाट आदळली. हिलोत ६१ माणसे मरण पावली. वायाकेआ भागातील जुन्या घड्याळाचे काटे आजही त्याच वेळेवर ठेवलेले आहेत.

भारतात २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याला दोन तासांच्या आसपास अवधी होता, पण नागपट्टिनमच्या मच्छीमार वस्त्यांना सावध करणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. तेथून निघालेला इशारा शेवटच्या घरापर्यंत पोचवणे हे खरे कठीण काम होय. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांनी ते नेटाने केले: पाण्याखाली जाऊ शकणाऱ्या भागाचे नकाशे, सुटकेच्या वाटा, ग्रामसमिती आणि रंगीत तालमी यांच्या बळावर त्यांना २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाकडून ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता मिळाली.

अरबी समुद्रही यातून सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी आजच्या पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ पहाटे भूकंप झाला आणि काही तासांनी, सकाळी, मुंबईत सुमारे २ मीटर उंचीच्या लाटा येऊन जीवितहानी झाली. कोकणातील कोळीवाड्यांत त्यामुळे एक सूचना विशेष महत्त्वाची ठरते: बंदरात असलेल्याने नौका वाचवण्यासाठी जेट्टीकडे धावू नये, आणि खोल समुद्रात असलेल्याने, जेथे ही लाट होडीला जाणवतही नाही, तेथेच थांबावे. लाटा अनेक तास येत राहतात व पहिली सर्वांत मोठी असेलच असे नाही. म्हणून धोका टळल्याची अधिकृत घोषणा होईपर्यंत कोणीही खाडीकडे किंवा किनाऱ्याकडे परतू नये.