सेव्हन कार्ड स्टड

सेव्हन कार्ड स्टड : बावन्न पत्त्यांच्या एका कॅटने, दोन ते आठ जणांत खेळला जाणारा पोकरचा प्रकार. प्रत्येक खेळाडूला टप्प्याटप्प्याने सात पत्ते मिळतात. त्यांतले तीन झाकलेले व चार सर्वांना दिसतील असे उघडे असतात. या सातांपैकी कोणत्याही पाच पत्त्यांचा सर्वांत वरचढ हात ज्याच्याकडे असेल तो डाव जिंकतो. मात्र बाकीच्या सर्वांनी आधीच पत्ते टाकून दिले, तर उरलेल्या एकट्याला हात न दाखवताच पॉट, म्हणजे डावात जमलेली सगळी रक्कम, मिळतो. पत्ते बदलून घेण्याची सोय यात नाही आणि टेक्सास होल्डेमप्रमाणे मधोमध मांडलेले सामाईक पत्तेही नाहीत.

उघड्या पत्त्यांचा ‘स्टड’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाला. त्याचा जुना प्रकार पाच पत्त्यांचा असून त्यात एकच पत्ता झाकलेला असतो. सात पत्त्यांचा प्रकार विसाव्या शतकात लोकप्रिय झाला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर दीर्घकाळ तोच प्रमुख पोकर होता. 2003 नंतर दूरचित्रवाणी व इंटरनेट यांमुळे होल्डेमची लाट आली आणि स्टड मागे पडला. तरीही ‘हॉर्स’ या पाच प्रकारांच्या मिश्र स्पर्धेत त्याचे स्थान टिकून आहे.

हातांची चढती श्रेणी एकटा मोठा पत्ता, जोडी, दोन जोड्या, तिकडी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तिकडी व जोडी एकत्र), चौकडी आणि एकाच रंगातला सिक्वेन्स अशी आहे. तीन पत्ती खेळलेला मराठी वाचक येथे हमखास अडखळतो, कारण त्या खेळात सिक्वेन्स कलरला मारतो, तर पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. हा फरक मनमानी नाही. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स अधिक दुर्मीळ. पाच पत्त्यांच्या 25,98,960 संचांत मात्र सिक्वेन्स 10,200 आणि कलर केवळ 5,108 असतात. या दोन हातांबाबत जे दुर्मीळ ते वरचढ, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

डावाच्या आरंभी प्रत्येक जण ठरलेली छोटी रक्कम मध्ये टाकतो. ती अँटी म्हणजे तीन पत्तीतली बूटच. मग प्रत्येकाला दोन झाकलेले आणि एक उघडा पत्ता मिळतो; या टप्प्याला थर्ड स्ट्रीट म्हणतात. ज्याचा उघडा पत्ता सर्वांत लहान, त्याला ‘ब्रिंग-इन’ नावाची सक्तीची रक्कम लावावी लागते. दोघांकडे दुर्री असेल, तर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या चढत्या क्रमाने लहान रंगाची दुर्री असलेल्याने ती लावायची. रंगांचा हा क्रम एवढ्यापुरताच आहे. शेवटी हात दाखवताना त्याला काहीही किंमत नसते. चौथा, पाचवा व सहावा पत्ता उघडा आणि सातवा झाकून वाटला जातो, आणि प्रत्येक पत्त्यानंतर बोलीची एक फेरी होते. दुसऱ्या फेरीपासून मात्र पहिली बोली उघड्या पत्त्यांत सर्वांत वरचढ दिसणाऱ्याची असते.

स्टड बहुधा ठरीव मर्यादेने खेळतात. 10-20 च्या टेबलावर थर्ड व फोर्थ स्ट्रीटला बोली व वाढ 10 च्या पटीत, तर पुढील तीन फेऱ्यांत 20 च्या पटीत होते. फोर्थ स्ट्रीटला कोणाची उघडी जोडी दिसत असेल, तर तेव्हाच 20 ची बोली करता येते. एका फेरीत साधारणपणे एक बोली व तीन वाढी चालतात. बोली नसेल तर चेक (काही न लावता पुढे जाणे), असेल तर कॉल (तेवढीच रक्कम लावणे), रेज (वाढ करणे) किंवा पत्ते टाकणे, असे पर्याय खेळाडूपुढे असतात. आठही जण शेवटपर्यंत राहिले तर 56 पत्ते लागतील आणि कॅटमध्ये तेवढे नसतात. अशा वेळी सातवा पत्ता सर्वांसाठी मिळून एकच, मधोमध उघडा ठेवतात.

नियम तासाभरात समजतात, पण स्टड खऱ्या अर्थाने येऊ लागतो तो टाकून दिलेले पत्ते लक्षात राहू लागल्यावर. पत्ते टाकले की ते लगेच उलटे करून गोळा केले जातात आणि पुन्हा पाहता येत नाहीत. वरील टेबलावर आठ खेळाडू आहेत आणि अँटी 2 आहे, असे समजू. ब्रिंग-इनचे 3 लावणाऱ्यासह सहा जण थर्ड स्ट्रीटलाच बाहेर पडले आणि दोघे उरले. सहाव्या पत्त्यानंतर आपल्याकडे चार बदाम आहेत, समोरच्याची राजांची जोडी उघडी आहे, पॉटमध्ये 99 आहेत आणि त्याने 20 ची बोली केली आहे. म्हणजे 20 लावून 119 मिळवायचे आहेत, भाव जवळजवळ सहास एक. आपले सहा, समोरचे चार उघडे आणि बाहेर पडलेल्या सहांचा प्रत्येकी एक उघडा असे 16 पत्ते आपण पाहिले. न पाहिलेले 36. पाहिलेल्या परक्या दहा पत्त्यांत एकही बदाम नसेल, तर 36 पैकी 9 पत्ते आपल्या कामाचे आहेत. प्रतिकूलता, म्हणजे निरुपयोगी पत्त्यांचे कामाच्या पत्त्यांशी प्रमाण, तीनास एक एवढीच, आणि कॉल करणे योग्य. त्या दहांत चार बदाम गेले असतील, तर कामाचे पत्ते पाचच उरतात आणि प्रतिकूलता सहाहून थोडी अधिक होते. पत्ते आपलेच, पॉट तोच, पण निर्णय आता काठावर येतो; आणि राजांच्या जोडीमागे फुल हाउस होण्याची शक्यता धरली तर तो तोट्याकडे झुकतो. ज्याने ते चार बदाम पाहूनही लक्षात ठेवले नाहीत, त्याला हा फरक कळतच नाही.

सुरुवातीला कोणते पत्ते घेऊन डावात राहावे, हाही याच नजरेचा प्रश्न आहे. पहिले तिन्ही पत्ते एकाच किमतीचे येण्याची शक्यता 425 डावांत एकदा असते, त्यामुळे बहुतेक वेळा जोडी किंवा एकाच रंगाचे तीन पत्ते यांवरच विचार करावा लागतो. झाकलेली जोडी उघड्या जोडीपेक्षा मोलाची, कारण तिकडी जुळली तरी ती समोरच्याला दिसत नाही. पण हातात नव्व्यांची जोडी असून उरलेल्या दोन नव्व्या इतरांपुढे उघड्या पडल्या असतील, तर तिची तिकडी होणे शक्यच नाही.

‘रॅझ’ हा याचाच उलटा प्रकार असून त्यात सर्वांत लहान हात जिंकतो आणि ब्रिंग-इन सर्वांत मोठ्या उघड्या पत्त्याच्या खेळाडूने लावायची असते. भारतात पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. शिकण्यासाठी पैशांची गरजही नाही. बोलीला चिंचोके पुरतात. आठ पत्ते उघडे मांडावेत, एकदा पाहून उलटे करावेत आणि डावीकडून क्रमाने म्हणून दाखवावेत : इस्पिक राणी, चौकट सत्ती, बदाम तिर्री... आठही न चुकता आले की मग त्यांतले दोन-तीन मध्येच उचलून घ्यावेत आणि कोणत्या रंगाचे किती गेले ते सांगावे.