एका जिलबीची भीती

मागच्या रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर पाचजणांचं कुटुंब. त्यातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने रश्श्यातून मटकीचा एकेक दाणा उपसून, टिश्यूने तर्री टिपून ताटलीच्या कडेला ओळीने लावला होता. तोंडात एकही गेला नाही. "नखरे आहेत नुसते," आई म्हणाली. आजीचं निदान निराळं: नजर लागलीय, मीठ-मोहरी ओवाळून टाकू.

त्या मुलीला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि लांबून निदान करण्याचा उद्योग मी करणार नाही. पण अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार, याबद्दल नेमके हेच दोन गैरसमज घरोघर ऐकू येतात. विल्यम गल या ब्रिटिश डॉक्टरने १८७४ च्या निबंधात वापरलेलं हे नावही तसं फसवंच. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक न लागणं. प्रत्यक्षात भूक बहुतेकदा लागलेली असते, पण भीती तिच्या उरावर बसलेली असते. कित्येकांना तर आजाराच्या आधीपासून, लहानपणापासूनच चिंतेचा त्रास असतो.

जिलबी समोर आली, छातीत धडधडलं, जिलबी बाजूला सरकवली, हायसं वाटलं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस. पुढच्या वेळी ताटली आणखी लवकर सरकते. एक्स्पोजर थेरपीत याच्या उलट करतात. जिची भीती वाटते त्या गोष्टीसमोर तयारीनिशी, टप्प्याटप्प्याने थांबायचं. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा जवळ आणला होता. इथे पंचाईत अशी, की खाऊ हाच ससा आहे.

आता माझा आवडता भाग. एक्स्पोजरने भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांची कुत्री इशाऱ्यामागून खाणं येतं हे शिकली होती, त्यामुळे इशाऱ्यालाच लाळ गाळायची. मग ते खाणं न देता नुसताच इशारा देत राहिले की लाळ थांबायची, पण मध्ये थोडा वेळ गेला की त्याच इशाऱ्याला पुन्हा सुटायची. जुनं शिकलेलं शाबूत होतं. अमिग्डला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागातली 'धोका' ही नोंद राहतेच. तिच्याशेजारी 'धोका नाही' अशी दुसरी नोंद होते आणि मेंदूचा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तिच्या जोरावर पहिलीला दाबून धरतो. गोम अशी, की ही दुसरी नोंद जिथे शिकली त्या जागेला, त्या माणसांना चिकटून बसते. दवाखान्यात जमलेली जिलबी कॉलेज रोडवर मैत्रिणींसमोर जमेलच असं नाही. म्हणून जागा, माणसं, पदार्थ बदलत सराव हवा. शिवाय नवी नोंद ठळक व्हायला अंदाज चुकावा लागतो. त्यासाठी भाकीत आधीच लिहून घेतात: 'सगळे माझ्याकडेच बघतील', 'ही घालमेल मला सोसणार नाही'. मग खायचं, मग कागद उघडायचा. तर्री टिपणं, घास मोजणं हे चोरटे आधार सोडायचे, नाहीतर निभावल्याचं श्रेय त्यांनाच जातं.

'वजन वाढेल' हे भाकीत मात्र खोटं पाडता येत नाही, कारण उपचारात वजन वाढायलाच हवं. तिथे शिकायचं ते एवढंच, की वाढलं आणि तरी आपण तगलो.

असं एक्स्पोजर कधी कधी गटात बसूनही करतात, आणि गटाचा उपयोग इथे होतो. चारचौघांत खाणं हीच अनेकांची मोठी भीती, आणि ते चारचौघे आयतेच समोर बसलेले असतात. उलट बाजूही आहे: कोण कमी खातं याची चढाओढ लागू शकते. त्यामुळे जाणता थेरपिस्ट तिथे हवाच.

'सात दिवसांत भीती गायब' छापाच्या रील्सवर जाऊ नका. किशोरवयात पहिली पसंती आईवडिलांना बरोबर घेऊन केलेल्या उपचारांना असते. गटातलं एक्स्पोजर ही त्याला जोड. त्याहीआधी फिजिशियनकडे नाडी, पोटॅशियम, फॉस्फेट तपासून घ्यायचं. फार दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

आणि हो, लग्नाच्या पंगतीत मावशीने "माझ्यासाठी एकच" म्हणत ताटात टाकलेली जिलबी म्हणजे एक्स्पोजर नव्हे. ती मुलीने निवडलेली नसते, भाकीत लिहिलेलं नसतं, आणि मावशी पुढच्या ताटाकडे गेली की ती हळूच पापडाखाली जाते.