येशू बौद्ध मठात शिकला होता का?

नाताळ जवळ आला की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत व्हॉट्सॲपवर फिरू लागतं: येशू तरुणपणी भारतात आला, बौद्ध भिक्खूंकडे शिकला, म्हणून येशू आणि बुद्ध दोघांची शिकवण एकच.

ही कथा 1894 साली निकोलस नोटोविच या रशियन लेखकाने फ्रेंचमध्ये छापली. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला तशी पोथी वाचून दाखवली, असा त्याचा दावा. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले. अशी पोथीच नाही, असं मुख्य लामांनी साफ सांगितलं. विषय तिथेच मिटायला हवा होता.

बरं, शिकवण तरी एकच आहे का? माणूस आतून बदलायला हवा, हे दोघंही सांगतात. पण योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला नव्याने जन्मायला सांगतो, तो जन्म देवाच्या आत्म्याने होतो. माणसाच्या हातचा नाही. बुद्धाच्या मार्गात बदल घडवणारा देवच नाही. तृष्णा कुठून उपजते ते पाहायचं, शील-समाधी-प्रज्ञा साधायची; ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तो कायमचा आत्माही उरत नाही. (जपानचा शुद्धभूमी पंथ मात्र अमिताभ बुद्धाच्या कृपेवर भिस्त ठेवतो, तेव्हा सरसकट बोलू नये.)

खरी उसनवारी झाली ती शिकवणीची नव्हे, कथेची. बुद्धाची चरित्रकथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशी फिरत युरोपात पोचली आणि राजपुत्र जोसाफाट म्हणून चर्चच्या संतांत जाऊन बसली. रोमन चर्चमध्ये त्याचा सण 27 नोव्हेंबरला असे. गोव्यात राहिलेल्या दियोगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराला हे साम्य फार पूर्वीच जाणवलं होतं. मुंबईजवळच्या साष्टी बेटावरील कान्हेरी लेण्यांशी त्याने याच राजपुत्राची दंतकथा जोडली आहे.