पावडरीचा डबा आणि जोंधळ्याची भाकरी

प्रोटीन पावडरीचा डबा घेणारे आता नुसते कॉलेजातले पोरगे राहिले नाहीत. बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीतले पेन्शनर काकाही मेडिकलमध्ये ‘ताकदीचं काहीतरी’ मागतात. त्यांनाच वजनं उचला म्हटलं, की ‘ह्या वयात कशाला, कंबर धरेल’ हे ठरलेलं उत्तर. खुराक हवा, मेहनत नको! असल्या पैलवानाला तालमीतल्या वस्तादानं पहिल्याच दिवशी हाकललं असतं.

वय वाढतं तसे स्नायू झिजतात. त्यातही जलद आकसणारे तंतू आधी बारीक होतात. पाय घसरल्यावर तोल सावरतात ते हेच. बोस्टनमधल्या संशोधकांनी १९९४ साली वृद्धाश्रमातल्या १०० जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांनी जड वजनं ढकलणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली. नुसतं पोषक पेय घेणारे होते तिथंच राहिले.

असं का, ते पेशीत शिरल्यावर कळतं, आणि मला तरी ह्या विषयातला हाच भाग सर्वांत आवडतो. स्नायूबांधणीचा हुकूम एमटॉर नावाचं प्रथिन देतं. अन्नातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल पेशीत आलं की सेस्ट्रिन-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. एरवी सेस्ट्रिन-२ गेटर-२ ह्या प्रथिनांच्या गटाला धरून ठेवतं. ल्युसिन आलं की ती पकड सुटते. मोकळं झालेलं गेटर-२ मग गेटर-१ ला आवरतं, आणि गेटर-१ चा लगाम सैल पडल्यावर एमटॉर लायसोसोमच्या (पेशीतल्या एका बारीक पिशवीच्या) पृष्ठभागावर जाऊन कामाला लागतं. (इथं दमलात तरी चालेल, बैठका मारताना दमू नका.) म्हातारपणी हा निरोप नीट ऐकूच जात नाही. तरुणाला एका जेवणात शरीराच्या दर किलोमागे ०.२४ ग्रॅम चांगलं प्रथिन पुरतं, सत्तरीतल्या पुरुषाला सुमारे ०.४ लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम. व्यायाम केलेल्या स्नायूचा बहिरेपणा मात्र निदान दिवसभर कमी होतो.

आपल्या जोंधळ्याच्या प्रथिनात सुमारे १२ टक्के ल्युसिन असतं. इतकं, की १९६० च्या सुमारास हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी जोंधळा खाणाऱ्यांतल्या पेलाग्रा ह्या, नायसिन जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगाचा संबंध ह्या जादा ल्युसिनशी जोडला होता. उणीव आहे ती लायसिन ह्या दुसऱ्या अमिनो आम्लाची. हुकूम सुटतो, पण माल अपुरा पडून बांधकाम अडतं. तो माल कडधान्यात आणि दुधात मिळतो. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, पेलाभर म्हशीचं दूध, एवढ्यात प्रथिनाची बेरीज पंचवीस ग्रॅमला पोचते. जोंधळ्याचं प्रथिन पचायला जरा जड, म्हणून दूध सोडू नये.

‘सत्तरीत पंचविशीचा जोम’ देणाऱ्या चूर्णांबद्दल एवढंच, की असल्या मालात चोरून मिसळलेलं स्टेरॉइडही सापडतं. तेव्हा फरक जाणवलाच, तर जास्त घाबरावं.

आठवड्यातून दोनदा, दहा-बारा वेळा उचलल्यावर हातपाय थकतील एवढं वजन. अंगवळणी पडलं की थोडं वाढवायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सप्लिमेंटमध्ये त्यातल्या त्यात पुरावा आहे तो क्रिएटिनचा: रोज ३ ते ५ ग्रॅम, तेही व्यायामाच्या जोडीनं, आणि फायदा बेताचाच. शरीरात त्याचं क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही रिपोर्टातला आकडा वाढू शकतो. रक्त तपासायला देताना डॉक्टरांना ते सांगून ठेवा. किडनीचं दुखणं आधीपासून असेल तर क्रिएटिन आणि जादा प्रथिन, दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय नको.