निळा दिवा विझवणारे रोबो

शेजाऱ्याच्या वागण्यावरून आपल्या उपयोगाची गोष्ट हेरणे हे सामाजिक शिक्षणाचे सर्वांत साधे रूप आहे. खाऊगल्लीत गर्दीची गाडी निवडणारा माणूस तेच करतो. मात्र ज्याच्याकडून ही माहिती मिळते त्याचाच तिच्यामुळे तोटा होत असेल, तर ती किती काळ मिळत राहील? स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सारा मित्री, दारिओ फ्लोरेआनो आणि लोराँ केलेर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा प्रश्न रोबोंच्या उत्क्रांतीवर सोपवला.

उत्क्रांती घडली ती संगणकातील आभासी रिंगणात. तेथे ‘अन्न’ आणि ‘विष’ दोन्ही लाल उजेड फेकत. त्यांतला फरक अगदी जवळ गेल्यावर, जमिनीवरील चकतीच्या रंगावरूनच कळे. प्रत्येक गटात १० रोबो, असे १०० गट. रोबोला कॅमेरा होता, निळा दिवा होता, आणि चाके व दिवा चालवणारे एक छोटे कृत्रिम चेताजाल (मेंदूतील पेशींच्या जाळ्यावर बेतलेली संगणकीय रचना) होते, ज्याच्या जोडण्या त्याच्या ‘जनुकांत’ नोंदलेल्या असत. अन्नापाशी थांबल्यास गुण मिळत, विषापाशी थांबल्यास ते कापले जात. अधिक गुणवाल्यांची जनुके थोड्याफार फेरफारांसह पुढच्या पिढीत जात. अशा ५०० पिढ्या झाल्या.

आरंभी दिवे कसेही लागत. तरीही पिढ्यांगणिक रोबो अन्नापाशी टिकू लागले, तसा तेथे निळा उजेड दाटला आणि इतर रोबो त्या उजेडाच्या रोखाने येऊ लागले. अन्नाभोवती सर्वांना पुरेल इतकी जागा मात्र नव्हती, त्यामुळे उजेड करणारा स्वतःच्याच स्पर्धकांना बोलावत होता. साहजिकच, अन्नापाशी दिवा कमी लावणारी जनुके वरचढ ठरली. याला लबाडी म्हणण्याचा मोह होतो. पण लबाडीसाठी लागणारा हेतू त्या मोजक्या जोडण्यांत कोठेच नव्हता.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. दिवे पूर्णपणे विझले नाहीत. निळ्या उजेडावरचा भरवसा जसा कमी झाला, तशी त्यामागे जाण्याची ओढही ओसरली. आणि कोणी पाठोपाठ येतच नसेल, तर दिवा लपवून फारसे काही साधत नाही, म्हणून लपवणाऱ्याला मिळणारा लाभही घटला. परिणामी काही रोबो थोडाबहुत उजेड करत राहिले, तर उजेड पाहणाऱ्यांपैकी काही त्याकडे ओढले जात, काही त्याला टाळत.

फ्लोरेआनो व केलेर यांच्याच गटाने २००७ साली दाखवलेले चित्र याच्या उलट होते: गटातील रोबो एकमेकांचे जनुकीय नातलग असतील, किंवा निवड संपूर्ण गटाची होत असेल, तर विश्वासार्ह संकेत विकसित होत. यांतल्या काही गटांत मात्र अन्नाऐवजी विषापाशी दिवा लावण्याची रीत रुजली; ती कमी फायद्याची असूनही, एकदा बसल्यावर तिच्या जागी चांगली रीत येऊ शकली नाही.