साच्यातली हवा

पोलादाचा पत्रा कारखान्यात येतो तेव्हा त्याचा कस आधीच ठरलेला असतो. तो वाकवा, कापा, वेल्डिंग करा. पत्रा पत्राच राहतो. कंपोझिटचं, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या द्रव्याचं, तसं नाही. काचेचं किंवा कार्बनचं कापड गुंडाळीत येतं, रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, पिंपात येतं, आणि वस्तूला आकार येत असतानाच तिचं द्रव्यही तयार होत असतं. म्हणून या धंद्यात माल कुठला आणला यापेक्षा तो साच्यात कसा बसवला, याचीच चर्चा जास्त. पद्धत बदलली की त्याच मालाची ताकद बदलते, आणि काम बिघडलं तर बहुतेक वेळा मुळाशी अडकलेली हवा निघते.

तत्त्व आपल्या घराच्या स्लॅबचंच आहे. सळई ताण घेते, काँक्रीट तिला जागेवर धरून ठेवतं. इथे सळईऐवजी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचे तंतू असतात आणि काँक्रीटऐवजी रेझिन. फक्त या तंतूंमधून हवा काढायला व्हायब्रेटर चालत नाही.

सगळ्यात साधी पद्धत हाताने थर देण्याची. कोकणात आणि गोव्यात ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतात, त्या होड्या बहुतांशी अशाच होतात. साच्याला मेण चोळून चकचकीत करतात. त्यावर जेलकोटचा जेमतेम अर्धा मिलिमीटर थर देतात; होडीचा बाहेरून दिसणारा रंग तोच. तो किंचित चिकट असतानाच काचेची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन द्यायचं आणि खाचांचा रोलर फिरवायचा. रेझिन मुरलं की पांढरी मॅट जवळपास पारदर्शक होते. जिथे पांढुरका डाग राहिला तिथे हवा आहे, म्हणजे रोलर पुन्हा तिथेच.

वेळ मात्र थोडा असतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये शेकडा एक-दोन भाग हार्डनर पडला की अर्ध्या तासाच्या आसपास ते जेलीसारखं होऊ लागतं. हार्डनरच्या जोडीला लागणारं कोबाल्टचं द्रावण आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं असतं. ते आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले तर भडका उडू शकतो. घट्ट होताना रेझिन स्वतःच तापतं. साच्यावरच्या पातळ थरातून ती उष्णता निघून जाते, पण बादलीत उरलेलं रेझिन धूर सोडतं आणि तडकतं.

कारागीर कितीही हुशार असला तरी मॅटच्या हातकामात वजनाने काच साधारण 30 टक्केच बसते; बाकी रेझिन आणि थोडी हवा. हवेचे बुडबुडे थर एकमेकांपासून सुटायला वाट करून देतात. बुडबुड्यांचं प्रमाण एक टक्क्याने वाढलं की थरांमधली पकड साधारण सात टक्क्यांनी घटते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. होडीत आणखी एक दुखणं असतं. पाणी हळूहळू जेलकोटमधून झिरपून या पोकळ्यांत साठतं आणि काही वर्षांनी बुडाला फोड येतात.

हजारोंनी लागणाऱ्या वस्तूंसाठी प्रेस आहे. इमारतीच्या जिन्याखालच्या वीजमीटरच्या करड्या पेट्या पुष्कळदा अशाच बनतात. रेझिन आणि काचेच्या तुकड्यांची तयार चिकट चादर 150 अंशांच्या आसपास तापवलेल्या पोलादी डायमध्ये दाबली की काही मिनिटांत पेटी बाहेर. डाय महाग असते, म्हणून थोड्या नगांसाठी हे कोणी करत नाही.

विमानाला ना हातकाम चालतं ना काचेचे तुकडे. तिथे रेझिन आधीच मुरवलेलं कार्बनचं कापड शीतगृहात, शून्याखाली 18 अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे ते वेळेआधी घट्ट होत नाही. साच्यावर थर रचून त्यावर पिशवी चढवतात, आतली हवा ओढून घेतात आणि सगळंच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या बंद भट्टीत, सारतात. तिथे 180 अंशांपर्यंत तापमान आणि वातावरणाच्या सहा-सात पट दाब असतो. बोइंग 787 चा सांगाडा वजनाने निम्मा कंपोझिटचा आहे, आपल्या ‘तेजस’चा सुमारे 45 टक्के.

आता साताऱ्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे फिरणाऱ्या पवनचक्कीचं पातं बघा. नवी पाती 60 मीटरच्याही पुढे गेली आहेत. एवढा ऑटोक्लेव्ह बांधला तर वीज परवडायचीच नाही. म्हणून इथे दाब फुकटचा वापरतात, वातावरणाचा. साच्यात काचेचं कापड कोरडंच अंथरतात, मधे बाल्सा लाकूड किंवा फोम ठेवतात, वरून प्लास्टिकची फिल्म चिकटपट्टीने कडेला सील करतात आणि पंप लावतात. आतली हवा गेली की दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार पडतो आणि कापड दगडासारखं घट्ट होतं. मग नळी उघडली की रेझिन आपोआप आत ओढलं जातं. काचेचं प्रमाण वजनाने 65-70 टक्क्यांपर्यंत जातं, आणि पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनचा तो डोकं धरणारा वासही पिशवीतच राहतो.

यातली खरी अक्कल नळ्या कुठे ठेवायच्या यात आहे. कापडातून दुप्पट अंतर जायला रेझिनला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो, आणि तोवर ते घट्ट व्हायला लागलेलं असतं. उपाय म्हणजे कापडावर रेझिन झटकन पसरवणारी जाळी अंथरायची. 1990 मध्ये अमेरिकेत विल्यम सीमन यांना याच धर्तीच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. आज होड्यांचे मोठे कारखानेही ती वापरतात.

रेझिन सोडण्याआधी पंप बंद करून गेजकडे बघत बसतात. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे. मग कडेकडेने कान लावून सूं आवाज शोधायचा, नाहीतर अल्ट्रासॉनिक यंत्र फिरवायचं. हे नीट केलं नाही तर रेझिन निम्म्यावर असताना हवा आत घुसते आणि हातभर जागा कोरडीच राहते. एकदा सगळं घट्ट झालं की तिथे रेझिन नेण्याचा मार्ग नाही. एवढ्यासाठी लाखोंचं पातं टाकूनही देत नाहीत. तो भाग ग्राइंडरने उतरता घासून काढतात आणि नवे थर हातानेच, ब्रश-रोलर घेऊन, बसवतात.