तिरप्या रेघेची करामत

'पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते' हा शांतिमंत्र आणि खाली 'संच सिद्धांत आपल्याकडे आधीच होता', असा मेसेज दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. मंत्र सुंदरच आहे. पण अनंतातून काढले तरी अनंत उरते, एवढ्यावर संच सिद्धांत उभा राहत नाही. जितक्या संख्या तितकेच त्यांचे वर्ग (१, ४, ९…), हे कोडे गॅलिलिओनेही १६३८ मध्ये मांडले होते. जर्मनीतल्या हाले शहरात शिकवणाऱ्या गणितज्ञ गेऑर्ग कँटरने सिद्ध केले ते वेगळेच: एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठे असते.

हे मोजायचे कसे? पंगतीत पाने किती, माणसे किती, हे न मोजताही कळते. एकही पान रिकामे नाही आणि कोणी ताटकळत उभे नाही, म्हणजे दोन्ही सारखेच. १, २, ३… यांच्यासमोर २, ४, ६… बसवा. कोणी उरत नाही. अपूर्णांकसुद्धा असे बसवता येतात.

मग ० ते १ मधल्या सगळ्या दशांश संख्या? त्या बसत नाहीत, हे कँटरने डिसेंबर १८७३ मध्ये मित्र डेडेकिंड याला पत्राने कळवले. ती सिद्धता जरा किचकट होती. माझा जीव आहे तो १८९१ च्या दुसऱ्या सिद्धतेवर. समजा, कोणी छाती ठोकून म्हणाला, 'ही घ्या संपूर्ण यादी':

०.५१७२…
०.३३०६…
०.८८४१…
०.१९२५…

आता तिरपे उतरा. पहिल्या ओळीतला पहिला अंक, दुसरीतला दुसरा, तिसरीतला तिसरा: ५, ३, ४, ५… जिथे ५ असेल तिथे ६ लिहा, नसेल तिथे ५. तयार झाली ०.६५५६… ही संख्या पहिल्या ओळीत नाही, कारण पहिलाच अंक वेगळा. दुसरीत नाही, दुसरा अंक वेगळा. हजाराव्या ओळीतही नाही. बरे, ही संख्या यादीत घालून घेतली, तर नव्या यादीवर पुन्हा तीच रेघ. (०.५ आणि ०.४९९९… एकच, ही पळवाटही बंद. आपण ० आणि ९ वापरलेच नाहीत.)

हीच युक्ती संचांवर चालते. संचातल्या प्रत्येक घटकाला एकेक उपसंच वाटून द्या. जे घटक स्वतःच्या वाट्याच्या उपसंचात नाहीत, त्यांना एकत्र करा. असा झालेला उपसंच कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. म्हणजे घटकांपेक्षा उपसंच नेहमीच जास्त. इंग्रज तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ बर्ट्रांड रसेल १९०१ मध्ये याच सिद्धतेशी झटत होता. 'सगळ्या संचांचा संच' घेतला तर? त्याहून मोठे काय असणार? रेघ तिथेही ओढल्यावर हाती आला 'स्वतःचे घटक नसलेल्या संचांचा संच'. तो स्वतःचा घटक आहे का? आहे म्हणावे तर नाही, नाही म्हणावे तर आहे.

१६ जून १९०२ रोजी रसेलने हे गोटलोब फ्रेगेला कळवले. सगळे अंकगणित तर्कशास्त्रावर उभारणाऱ्या फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. घाईघाईने एक परिशिष्ट जोडून, पायाच हलल्याची कबुली देत तो खंड १९०३ मध्ये बाहेर पडला.